काही नाही, जरा झोप झाली नाही

मन दुखावलं असेल, राग आला असेल, आतून भीती वाटत असेल, तर ते कुणाला कळू नये म्हणून आधी आवाज कमावा. "काय झालं?" असं कुणी विचारलं की "काही नाही" हे दोन शब्द सपाट सुरात आले पाहिजेत. फार हसून म्हणालात तर पकडले जाल. फार लांबवलेत तर समोरचा खुर्ची ओढून बसेल. फारच खोदून विचारलं तर "जरा झोप झाली नाही" हे राखीव ठेवा. झोपेवर कुणी शंका घेत नाही.

लोकांना कटवलंत की स्वतःकडे वळा. नको तो विचार मनात आणायचाच नाही, असं स्वतःला बजावा. हा उपाय तपासून झालेला आहे. १९८७ साली मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजत राहिल्या. नंतर "आता खुशाल करा विचार" म्हटल्यावर तर, सुरुवातीपासून मोकळीक मिळालेल्यांपेक्षा या मंडळींच्या मनात अस्वल जास्त वेळा आलं. तुमचं अस्वल पांढरं नसेल. त्याला नाव असेल आणि त्याचं 'लास्ट सीन' तुम्हाला पाठ असेल. तरीही हाकलत राहा, चिकाटी महत्त्वाची.

मग रात्र. दिवा बंद, फोन नाकापासून वीतभर अंतरावर. अंगठा वर सरकतो, थांबतो, पुन्हा सरकतो. कुणाचा तरी वाढदिवस, कुणाचं तरी मांजर, भूकंप, पुन्हा मांजर. मध्येच त्या एका माणसाला लांबलचक मेसेज लिहायचा, दोनदा वाचायचा, पुसायचा आणि शेवटी अंगठ्याचं चित्र पाठवायचं. डोळे चुरचुरू लागले तरी फोन खाली ठेवू नका. ठेवलात की तुम्ही आणि तुमचं मन एकाच खोलीत, मधे कुणी नाही. ही वेळ किती वाईट असते ते टिमोथी विल्सन यांच्या २०१४ सालच्या प्रयोगात दिसलं. माणसांना पंधरा मिनिटं नुसतं बसवलं. हाताशी एक बटण होतं, दाबलं की विजेचा झटका. हा झटका टाळायला आपण पैसे मोजू, असं याच लोकांनी आधी सांगितलं होतं. तरी १८ पैकी १२ पुरुषांनी आणि २४ पैकी ६ बायकांनी तो स्वतःला देऊन घेतला. बिचाऱ्यांकडे फोन नव्हता.

राग असेल तर तो 'बाहेर काढा'. हे सगळेच सांगतात, म्हणजे बरोबरच असणार. भांडी आपटा, दार असं लावा की चौकटीने ओळख ठेवली पाहिजे. ब्रॅड बुशमन यांनी २००२ साली चिडलेल्या विद्यार्थ्यांना बॉक्सिंगच्या पिशवीवर गुद्दे मारायला लावले. ज्याच्यावर राग होता त्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणून मारणारे शेवटी जास्त संतापलेले निघाले. दोन मिनिटं नुसते गप्प बसलेले त्यांच्यापेक्षा शांत होते. पण गप्प बसण्यात दणका कुठे असतो?

झोपेसाठी थोडी घेत असाल तर उत्तमच. झोप पटकन लागते, उत्तररात्री मोडते आणि तीन वाजता छताकडे बघत पडायला निवांत वेळ मिळतो.

आता सर्वांत महत्त्वाचं पथ्य: भावनेला तिच्या नावाने हाक मारायची नाही. मॅथ्यू लीबरमन यांच्या २००७ सालच्या अभ्यासात संतापलेले, घाबरलेले चेहरे बघून त्या भावनेला नुसता शब्द दिला, तरी अमिग्डालाची, म्हणजे मेंदूतल्या भीतीसारख्या भावनांशी निगडित भागाची, खळबळ कमी झालेली दिसली. म्हणजे नाव दिलंत की नशा उतरली. म्हणून अपमान, मत्सर, लाज, एकटेपणा, सगळं एकाच पोत्यात भरा आणि वर 'टेन्शन' अशी चिठ्ठी लावा. 'कसंतरी होतंय' हेही चालतं. मी स्वतः तीन महिने ॲसिडिटीच्या गोळ्या घेतल्या. नंतर कळलं, मित्राला बढती मिळाली त्या आठवड्यापासून पोटात दुखत होतं. आपल्या भाषेने निदान केव्हाच करून ठेवलंय, मीच रुग्ण म्हणून हजर झालो नव्हतो.

समुपदेशकाकडे जायचा विचार आलाच तर "आपण काय वेडे आहोत का?" हे एकदा मोठ्याने म्हणा. विचार जातो. वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा येतो, तेव्हा पुन्हा म्हणा.

एवढं सगळं नीट जमलं तरी एका प्रकारच्या माणसापासून जपून राहा. हा "काय झालं?" विचारतो, तुम्ही ठरल्याप्रमाणे "काही नाही" म्हणता आणि तो "बरं" म्हणून तिथेच बसतो. सल्ला देत नाही, स्वतःची गोष्ट सुरू करत नाही, फोन पालथा ठेवतो. मिनिटभराने तुमचा घसा दाटू लागतो. अशा वेळी ताबडतोब उठायचं. गॅसवर काहीतरी ठेवलंय म्हणायचं. "तू बस, मी बघतो," म्हणून तो आत जातो, बंद शेगडी बघून येतो आणि काही न बोलता पुन्हा शेजारी बसतो.