‘हे मशीन आपल्या पाण्याचं नाही’: लातूरकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार लातूरकर,

फ्रंट लोड, म्हणजे समोरून कपडे टाकायच्या, वॉशिंग मशीनवरच्या माझ्या लेखावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: लेख पुण्या-मुंबईच्या पाण्याचा आहे, आपल्या बोअरला तो लागू नाही. पाणी वाचतं ही निव्वळ जाहिरात. मशीन पिळताना मोरीभर नाचतं. टॉवेल पापडासारखे होतात, काळ्या कपड्यांवर पांढरे पट्टे उठतात, फिल्टर बसवूनही फरक नाही. दोन महिन्यांत कुबट वास सुरू झाला. टाकी नसलेल्या घरात सेमी ऑटोमॅटिकच बरं, आणि लाईटचा प्रश्न आहेच. आणि आता दुरुस्तीवाला म्हणतो, हिटर बदला. तर विकून टाकू का?

पहिला मुद्दा बिनशर्त मान्य. लेखात साबणाचं माप दिलं आणि पाणी किती जड, म्हणजे किती क्षारांचं, आहे ते विचारलंच नाही. मराठवाड्यासाठी लिहिताना ही चूक मोठी आहे. पण विकायची घाई करू नका. फ्रंट लोड थोड्या पाण्यात काम करतं, म्हणून त्या थोड्या पाण्यातला प्रत्येक दोष कपड्यावर उमटतो. वरून कपडे टाकायच्या टॉप लोडमध्ये तोच दोष शंभर लिटरमध्ये वाहून जातो, एवढाच फरक.

आधी नाचण्याचं बघू, कारण ते अर्ध्या तासात मिटतं. मशीनच्या पाठीमागे तीन किंवा चार लांब बोल्ट असतात. वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून ते कारखान्यात आवळलेले असतात. एखादा जरी राहिला तर ड्रमला स्प्रिंगवर झुलता येत नाही आणि सगळा हादरा बॉडीला बसतो. बसवायला आलेला माणूस घाईत असला की तीन काढतो आणि पाइपाआडचा चौथा विसरतो. मागे बघा: प्रत्येक भोकात प्लास्टिकचं बूच हवं. काढलेले बोल्ट फेकू नका, घर बदलताना लागतील.

बोल्ट निघालेले असतील तर पाय बघा. मोरीच्या फरशीला उतार असतोच, आणि शहाबादी फरशी एकसारखी बसलेली क्वचितच. मशीनच्या वरच्या पत्र्यावर लेव्हल बाटली आडवी आणि उभी दोन्ही ठेवून पाय खालीवर करा. मग समोरासमोरचे कोपरे तिरपे दाबून बघा, जरा जरी डुगडुगलं तर एक पाय अधांतरी आहे. पातळी साधली की प्रत्येक पायावरचा लॉक नट बॉडीकडे वर फिरवून घट्ट करायचा. ही शेवटची पायरी नव्वद टक्के घरांत राहिलेली असते म्हटलं तरी चालेल. मग पाय हळूहळू आपोआप फिरतात आणि महिन्याभरात पुन्हा नाच सुरू. रबरी बूट हा त्यावर उपाय नाही, आणि चाकाचा स्टँड तर नकोच.

कपडे कसे टाकता त्यावरही आहे. नऊवारी लुगडं मोकळं टाकलं की त्याचा दोर होतो आणि बाकीचे कपडे त्यात गुंडाळले जातात. घडी घालून जाळीच्या पिशवीत किंवा उशीच्या अभ्र्यात टाका. वाकळ ७ किलोच्या मशीनमध्ये टाकूच नका. कोरडी असताना मावते, पण भिजली की पाणी धरून एकच गोळा होतो, ड्रमला तोल सापडत नाही, मशीन पिळायचा प्रयत्न करून करून सोडून देतं आणि बाहेर निथळती वाकळ येते. ती हौदावरच धुवायची वस्तू आहे.

आता पाणी. भारतीय मानक आयएस १०५००:२०१२ नुसार पिण्याच्या पाण्याचा एकूण कठीणपणा, म्हणजेच जडपणा, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायचा. आपल्या काळ्या पाषाणातल्या कितीतरी बोअरचं पाणी या दोन आकड्यांच्या मध्येच कुठेतरी असतं. घरच्या खुणा तुम्हाला ठाऊक आहेतच: डाळ शिजत नाही, साबणाला फेस धरत नाही, गिझरच्या कॉइलवर खडूसारखा थर. नेमका आकडा हवा तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाणी तपासता येतं. समजा तो ५०० निघाला. एका धुण्याला ५० लिटर धरले तरी २५ ग्रॅम क्षार मशीनमधून गेला. त्यातला थोडा टॉवेलच्या धाग्यात राहिला की टॉवेल उभा राहणारच.

पट्टे कशाचे आहेत ते आधी ओळखा. पट्ट्यावर कोमट साधं पाणी चोळा. गेला तर ती न विरघळलेली पावडर. नाही गेला तर लिंबाचा थेंब टाका, त्यानं गेला तर तो क्षार. पावडरचा पट्टा असेल तर कारणं दोन: ड्रम ठासून भरलाय किंवा पावडर हातधुण्याची आहे. कपड्यांच्या वर उभा तळहात आरामात जाईल एवढी जागा ठेवा. टेरीकॉट, पॉलिस्टर असेल तर ड्रम अर्धाच भरा. हातधुण्याच्या पावडरीला फेस फार. फ्रंट लोड कपडे वर नेऊन आपटतं आणि त्यातून मळ निघतो, पण फेसाची गादी झाली की आपटणं बसत नाही, शिवाय फेस वरच्या खणातून बाहेर उतू जातो. ‘फ्रंट लोड’ असं स्पष्ट लिहिलेली पावडर किंवा लिक्विडच घ्या, आणि ते दोन आकडा लिहिलेल्या खणात टाका. एक आकड्याचा खण भिजवण्याचा, फुलाच्या चित्राचा कपडे मऊ करणाऱ्या सॉफ्टनरचा.

क्षाराचा पट्टा असेल तर साबण कमी पडतोय. इथे लोक नेमकं उलटं करतात: पांढरं दिसलं की साबण घटवतात. जड पाण्यातला कॅल्शियम साबणाचा काही भाग आधी स्वतःच खाऊन टाकतो, उरलेल्यावर कपडे निघायचे असतात. कठीणपणा २०० च्या आत असेल तर पाकिटावरचं माप ठीक. ४००-५०० असेल तर त्यात निम्म्यानं भर घाला आणि काचेतून बघत माप ठरवा. काचेच्या खालच्या एक तृतीयांश भागात फेस म्हणजे बरोबर, पूर्ण काच पांढरी म्हणजे जास्त, फेसच नाही आणि पाणी राखाडी म्हणजे कमी. धुण्याचा सोडा वरून टाकू नका. तो कॅल्शियमशी मिळून खडूच बनवतो आणि तो खडू कपड्यावरच बसतो.

फिल्टरबद्दल तुमची नाराजी रास्त आहे, पण तो फिल्टर त्या कामाचा नाहीच. पारदर्शक भांड्यात काचेसारखे खडे असतात ना, ते पॉलिफॉस्फेट. ते क्षार काढत नाही, फक्त त्याला हिटरवर चिकटू देत नाही. म्हणजे हिटरला फायदा, टॉवेलला शून्य. खडे संपत आले की तेवढाही नाही. क्षार खरोखर काढायचा तर पाणी मऊ करणारा रेझिनचा सॉफ्टनर लागतो, ज्याला ठरावीक दिवसांनी मिठाचं पाणी द्यावं लागतं. एकट्या मशीनसाठी तो घ्यावा असं मी म्हणणार नाही. गिझर आणि न्हाणीलाही तेच पाणी जात असेल तर विचार करा. त्याआधी गाळाची जाळी मात्र हवीच. टँकरचं पाणी टाकीत पडलं की तळाचा गाळ ढवळतो आणि मशीनच्या पाणी घेणाऱ्या व्हॉल्व्हच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी बुजते. पाइप काढून, चिमट्यानं ती जाळी ओढून, दात घासायच्या जुन्या ब्रशनं धुतली की ‘पाणी येत नाही’ची निम्मी बोंब बंद होते.

उरलेली निम्मी दाबाची. बऱ्याच मॉडेलना कमीत कमी ०.३ बार लागतो, म्हणजे टाकीचा तळ व्हॉल्व्हपेक्षा साधारण ३ मीटर उंच हवा. एकमजली घर, छतावरच टेकवलेली टाकी आणि आतून क्षारानं अरुंद झालेला अर्ध्या इंचाचा जुना लोखंडी पाइप, एवढं एकत्र आलं की दाब काठावरच असतो. मशीनच्या नळाखाली १० लिटरची बादली लावा. दीड मिनिटात भरली तर निर्धास्त. तीन मिनिटं लागली तर मशीन मध्येच अडणार. टाकी स्टँडवर चढवा किंवा टाकीनंतर छोटा प्रेशर पंप लावा. पालिकेच्या नळाला थेट जोडू नका. आठवड्यानं सुटलेलं पहिलं पाणी गंज आणि गाळ घेऊन येतं, आणि अर्ध्या धुण्यात नळ गेला तर कपडे आतच अडकतात.

पाणी वाचतं का? ७ किलोच्या फ्रंट लोडला एका धुण्याला साधारण ४० ते ६० लिटर, तेवढ्याच टॉप लोडला १०० ते १५०. जड पाण्यामुळे तुम्ही दोन खळबळणी वाढवली तर आणखी २५-३० लिटर धरा. तरी टॉप लोडच्या खालीच राहता. ज्या शहराला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथे हा फरक जाहिरातीचा म्हणता येणार नाही. शिवाय शेवटच्या खळबळणीचं पाणी टिपाडात धरून संडासाला वापरता येतं. पाइपाचं तोंड जमिनीपासून ६० ते १०० सेंटिमीटर उंच ठेवा आणि ते साठलेल्या पाण्यात बुडू देऊ नका. खाली ठेवलं तर मशीन भरता भरताच पाणी ओढून बाहेर जातं, बुडालं तर घाण पाणी उलट येऊ शकतं. हे पाणी रोजच्या रोज परसातल्या झाडांना मात्र घालू नका. साबणातला सोडियम काळ्या मातीत साठला की ती चोपण होते.

वासाची गोष्ट जरा अडचणीची, कारण इथे दोन सल्ले एकमेकांना छेद देतात. गरम पाणी केलं की क्षार हिटरवर बसतो. कायम थंड पाण्यात धुतलं की अंगाचं तेल, साबण आणि सॉफ्टनर यांचा बुळबुळीत थर ड्रममागे बसतो आणि वास त्याचाच येतो. म्हणून रोजचे कपडे ३० ते ४० अंशांवर, आणि महिन्यातून एकदा रिकामं मशीन ६० अंशांवर, १०० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड ड्रममध्ये टाकून. किराणा दुकानात ढोकळ्यासाठी मिळतं तेच. त्या फेरीत ब्लीच चुकूनही नको, विषारी वायू सुटतो. टॉवेल मऊ व्हावेत म्हणून सॉफ्टनर ओतत असाल तर बंद करा. टॉवेल पाणी टिपेनासे होतात आणि तो थर आणखी वाढतो. धुणं झालं की दाराचं रबर घडीच्या आतून पुसा, दार आणि साबणाचा खण उघडा ठेवा. शेतातले कपडे आधी वाळवून झटका, नाहीतर काळी माती त्याच घडीत चिखल होऊन बसते. खालच्या कोपऱ्यातला पंपाचा फिल्टर महिन्यातून एकदा: आधी बारीक नळीनं पाणी परातीत काढा, मगच झाकण फिरवा. सेफ्टी पिना, नाणी आणि कापसाचे बोळे तिथेच सापडतील.

लाईटबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय, मीही दोनच गोष्टी सांगतो. मशीनवर लिहिलेला ‘इन्व्हर्टर’ म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारी यंत्रणा. घरच्या बॅटरीच्या इन्व्हर्टरशी त्याचा संबंध नाही, आणि त्यावर २००० वॅटचा हिटर चालणारही नाही. दुसरी गोष्ट अर्थिंगची. उन्हाळ्यात मुरूम सुकला की अर्थिंग नावालाच उरतं आणि मशीनला हात लावला की झिणझिण्या येतात. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घाला, इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईट तोडणारा स्विच, बसवा.

तरीही तुमच्या प्रतिक्रियेत एक गोष्ट शंभर टक्के खरी आहे, आणि ती माझ्या लेखात हवी होती. छतावर टाकी नसेल आणि पाणी हंड्यांनी भरून वापरायचं असेल, तर सेमी ऑटोमॅटिकच घ्यावं. त्यात बादलीनं पाणी ओतता येतं, एकाच साबणाच्या पाण्यात आधी पांढरे मग रंगीत काढता येतात. तुमच्याकडे टाकी आहे, म्हणून तुम्हाला वेगळा सल्ला.

राहिला हिटर. बदलायच्या आधी दुरुस्तीवाल्याला मोजून दाखवायला सांगा. प्लग काढायचा, हिटरच्या दोन्ही वायरी सोडवायच्या आणि मल्टिमीटर लावायचा. १८०० ते २००० वॅटच्या हिटरला २५ ते ३० ओहम दिसायला हवेत. काहीच आकडा येत नसेल तर कॉइल तुटली आहे, आणि टोक व बॉडी यांच्यात आकडा येत असेल तर हिटरमधून करंट गळतोय. दोन्हीत बदलणंच भाग आहे. आकडा बरोबर असेल आणि बॉडीला गळती नसेल, तर नुसत्या पांढऱ्या थरासाठी नवा हिटर घेऊ नका. १०० ग्रॅमची ती ६० अंशांची फेरी दोनदा लावा आणि मग पुन्हा उघडून बघा.