‘रिपोर्ट नॉर्मल आहेत ना? मग आजार कसला!’

गेल्या आठवड्यात आमच्या सहकारनगरच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज आला. दोन दिवसांत तोच माहेरच्या आणि भिशीच्या ग्रुपवरही फिरला. मजकूर साधारण असा: सगळे रिपोर्ट नॉर्मल असतील तर आजार डोक्यात आहे. खरा आजार डॉक्टर लगेच पकडतात. टेन्शन हेच मूळ. दहा डॉक्टर करू नका, गव्हाची पोळी सोडा, कामाला लागा. खाली जोडलेले हात.

मला चौदा महिने बारीक ताप, आखडलेले सांधे आणि थकवा आहे. नाव अजून मिळालेलं नाही. त्यामुळे गप्प बसवेना.

‘रिपोर्ट नॉर्मल म्हणजे आजार नाही.’ रिपोर्ट फक्त विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो. माझं हिमोग्लोबिन 12.4, म्हणून वर्षभर सगळे ‘रक्त चांगलंय’ म्हणत राहिले. फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, कुणी तपासायला सांगितलाच नव्हता. तो 6 निघाला. साठा संपत आला तरी हिमोग्लोबिन काही काळ तग धरतं. दुकानात माल दिसतो आणि गोदाम रिकामं, तसं. सांध्यांचंही तेच. आमवाताच्या पाच रुग्णांतल्या एकाचा तरी आरए फॅक्टर, म्हणजे त्याच आजारासाठी करतात ती रक्ततपासणी, निगेटिव्ह असतो. उलट, नॉर्मल रेंज बहुधा निरोगी लोकांतल्या मधल्या 95 टक्क्यांवरून ठरवतात, त्यामुळे धडधाकट माणसाचा आकडाही कधी बाहेर जातो.

‘खरा आजार लगेच सापडतो.’ आतड्याचा टीबी आणि क्रोन्स (आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा आजार) हे दोन इतके सारखे दिसतात की आपल्याकडे कित्येकदा आधी टीबीची औषधं सुरू करून गुण येतो का ते पाहतात. एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं. त्याच्या निदानाला अनेकींची 4 ते 12 वर्षं जातात. आणि त्यातली बरीच ‘पाळीत दुखायचंच’ हे ऐकण्यात.

‘टेन्शन हेच मूळ.’ पोटातल्या अल्सरबद्दलही हेच म्हणत. त्यामागे जिवाणू असतात हे पटवायला ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर बॅरी मार्शल यांनी 1984 मध्ये त्या जिवाणूंचं द्रावण स्वतः पिऊन पोट बिघडवून दाखवलं. 2005 मध्ये त्यांना आणि त्यांचे सहकारी रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळालं. टेन्शन मला आहेच, पण ते तापाच्या मागून आलं. डिप्रेशनसुद्धा खराच आजार आहे. त्याचंही नीट निदान करावं लागतं, ‘बाकी काही सापडलं नाही’ म्हणून चिकटवायचं ते लेबल नव्हे.

‘कामाला लागा.’ सकाळी मला लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरवता येत नाही. दुपारी बोटं सुटतात, तेव्हा मी भाजी आणायला निघते आणि नेमकं तेव्हाच शेजारच्या काकूंना दिसते. ‘आज बरी दिसतेस!’ सकाळची बरणी त्यांनी पाहिलेली नसते.

दहा डॉक्टरांबद्दल मात्र मेसेज अर्धा बरोबर आहे. मी टिळक रोडपासून कोथरूडपर्यंत सहा जणांकडे गेले, आणि प्रत्येकाने पहिल्या पानापासून सुरुवात केली. आता जुन्या फॅमिली डॉक्टरांकडेच फाइल असते, तारखेवार लावलेली. पुढे कुणाकडे जायचं ते तेच सांगतात. ताप, वजन घटणं किंवा शौचातून रक्त असेल तर मात्र ‘डॉक्टर नको’ हा सल्ला जिवावर बेतू शकतो.

राहिली पोळी. लोह कमी का, म्हणून डॉक्टरांना सिलिॲकची, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची, शंका आहे. त्याची रक्ततपासणी गहू खात असतानाच करायची असते. आधीच सोडला तर ती तपासणी रक्तात ज्या अँटिबॉडी शोधते त्याच उतरतात आणि आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो! माझी तपासणी मंगळवारी आहे. मेसेज पाठवणाऱ्या मावशींनी प्रेमाने दोन किलो ज्वारीचं पीठ धाडलंय. ते डब्यात भरून ठेवलंय. मंगळवारपर्यंत रोज दोन पोळ्या.