गाणाऱ्याने गावं, बाकी कशाला?

डिसेंबर आला की आमच्या भावंडांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'सवाई'च्या तिकिटांची बोलणी सुरू होतात आणि दोन दिवसांत गाडी गाण्यावरून घसरून गाणाऱ्यांवर येते. २०२४ मध्ये मद्रास म्युझिक अकादमीने परखड सामाजिक मतं मांडणारे कर्नाटक गायक टी. एम. कृष्णा यांना संगीत कलानिधी पुरस्कार जाहीर केला, तेव्हा त्या मतांवर नाराज असलेल्या काही गायकांनी तिथल्या महोत्सवातून अंग काढून घेतलं. तो वाद चेन्नईत केव्हाच निवला, आमच्या ग्रुपवर अजून धुमसतोय. पुण्याच्या दादाचं म्हणणं ठरलेलं: "गाणाऱ्याने गावं. बाकीच्या उचापती कशाला?" मी काही लिहिलं की पुढचं वाक्यही ठरलेलं: "तुला काय जातंय तिकडे बसून बोलायला!"

तिकडे म्हणजे व्हँकूवर. दर शनिवारी लेकीला पियानोच्या शिकवणीला रिचमंडला नेतो. बाई मूळच्या शांघायच्या, सत्तरीपुढच्या. पाऊण तास मी दाराशी, चपलांच्या मांडणीशेजारच्या स्टुलावर वाचत बसतो. त्या स्टुलावरच मॅडलिन थिएन यांची 'डू नॉट से वी हॅव नथिंग' वाचली. २०१६ची कादंबरी, बुकरच्या अंतिम यादीत होती. लेखिका व्हँकूवरचीच. इथल्या एका मुलीला आपल्या वडिलांचा भूतकाळ उलगडत जातो, आणि गोष्ट शांघायच्या संगीत विद्यालयात जाऊन पोचते. स्पॅरो हा संगीतकार, त्याची मामेबहीण की मावसबहीण (चिनी नात्यांत मी दोनदा हरवलो) झूली व्हायोलिन वाजवणारी, आणि 'काय' (हे त्याचं नाव) हा पियानोवाला विद्यार्थी. तिघांना बाखचं वेड. मग १९६६ उजाडतं आणि माओची सांस्कृतिक क्रांती सुरू होते.

दादाचा मुद्दा या पुस्तकापुढे मला लंगडा पडलेला दिसतो. या तिघांपैकी भाषण कुणीच केलेलं नसतं. ते फक्त वाजवत असतात, आणि तोच गुन्हा ठरतो. त्या विद्यालयाचे खरेखुरे प्रमुख 'हे लूथिंग' ('हे' आडनाव) कादंबरीतही येतात. त्यांनी १९६३ मध्ये द्यब्युसी या फ्रेंच संगीतकाराच्या संगीताची बाजू घेतली होती. पुढे टीव्हीवर त्यांची जाहीर चौकशी झाली आणि आरोप खोटे आहेत, हे त्यांनी तिथेच ठणकावून सांगितलं. झूली तग धरत नाही. काय वाऱ्याची दिशा बघून वागतो आणि वाचतो. स्पॅरो गप्प बसतो, कारखान्यात लागतो, वीसेक वर्षं सुरांना हात लावत नाही. लेखिका तिघांपैकी कुणालाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करत नाही. मला मात्र मधेमधे कायचा राग यायचा.

कुठलं संगीत चांगलं हे सरकारने ठरवण्याची हौस आपल्यालाही होती. पन्नाशीच्या दशकात नभोवाणीमंत्री बाळकृष्ण केसकर यांनी, म्हणजे आपल्याच मराठी माणसाने, आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळपास हद्दपार केली. याची त्या क्रांतीशी तुलना करणं मूर्खपणाचं होईल. आजीने रेडिओची खुंटी पिळून सिनेमाची गाणी वाजवणारं रेडिओ सिलोन लावलं, विषय मिटला. शांघायमध्ये पिळायला खुंटीच नव्हती.

राहिलं दादाचं दुसरं वाक्य. ते मात्र लागतं, कारण त्याला वाटतं तसा मी इथून बेधडक बोलतही नाही. परवाच ग्रुपवर चार ओळी टाइप केल्या आणि पुसल्या. आई ब्याऐंशीची आहे, केव्हा तिकीट काढून निघावं लागेल सांगता येत नाही, आणि ओसीआय कार्डाच्या (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते) कागदपत्रांत उगाच कुठली अडचण नको, असं मनात आलं. माझ्या चार ओळींची दखल कोण घेतंय! पण आलं खरं मनात. स्पॅरोच्या वीस वर्षांशी याचं नातं सांगायची माझी हिंमत नाही. कायवरचा राग तेवढा त्या दिवसापासून ओसरलाय.

एकदा बाईंनी माझ्या हातातलं मुखपृष्ठ पाहिलं.

"कुठवर आलात?"

"सहासष्ट."

त्यांनी मान हलवली, आत गेल्या आणि लेकीला म्हणाल्या, "पुन्हा पहिल्यापासून. हळू."