गिअर कडक पडतोय? इंजिन खोलायच्या आधी क्लच वायर बघा

आमच्या जळगाव-भुसावळकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, "बाईकचा गिअर कडक पडतोय म्हणजे गिअरबॉक्स गेला, क्लच फुल टाइट करा, कारचं जाड ऑइल टाका, तरी नाही जमलं तर इंजिन खोला." भावांनो, लोकांचे पैसे फुकट जातायत म्हणून सांगतो, असं काही करू नका.

गिअरबॉक्स गेला हे कशावरून? गाडी डबल स्टँडवर लावा, इंजिन बंद, मागचं चाक हाताने हळूहळू फिरवत एकेक गिअर टाका. सगळे नीट पडले आणि इंजिन चालू केल्यावरच अडकत असतील, सिग्नलला न्यूट्रल सापडत नसेल, तर गिअरबॉक्स बहुतेक चांगला आहे, क्लच पूर्ण सुटत नाहीये, म्हणजे लिव्हर दाबूनही इंजिन गिअरपासून पूर्ण वेगळं होत नाहीये. माझ्या गाडीचं हेच झालं होतं. एका गॅरेजवाल्याने सरळ इंजिन खोलायला सांगितलं, मी घरी येऊन क्लच लिव्हरपाशी बघितलं तर क्लच वायरच्या तीन-चार तारा तुटून फुलल्या होत्या आणि आत केळीच्या बागेतली काळी माती ऑइलमध्ये कालवून घट्ट बसलेली, नवी वायर टाकली आणि गिअर पहिल्यासारखे पडायला लागले.

क्लच टाइट करा यात अर्धं खरं आहे. वायर ढिली असेल तर क्लच सुटत नाही, ती ओढावीच लागते. पण फुल टाइट नाही! लिव्हरच्या टोकाला बहुतेक छोट्या गाड्यांना 10 ते 20 मिलिमीटर प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, लागतो, तो नसेल तर क्लच घसरतो, क्लचच्या प्लेटा जळतात, मग कन्नड घाटात इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी चढत नाही.

आणि ऑइलचं तर ऐकूच नका. आपल्याकडे मे महिन्यात 45 डिग्री होतं म्हणून जाड ऑइल हवं असं लोकांना पटतं, पण बाईकचा क्लच त्याच इंजिन ऑइलमध्ये बुडालेला असतो, कारचा कोरडा असतो. कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं असतात, त्याने प्लेटा घसरतात, आणि गरजेपेक्षा जाड ऑइल असलं तर त्या एकमेकींना चिकटून राहतात, म्हणजे गिअर अजूनच कडक. डब्यावर जासो एमए किंवा एमए2 (JASO MA, MA2, म्हणजे ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलंय का बघा, आणि ग्रेड, म्हणजे ऑइलचा जाडपणा, मॅन्युअलमध्ये दिलाय तोच घ्या.

गाडी कधी पडली असेल तर गिअर लिव्हर वाकून कव्हरला घासतोय का, त्याचा बोल्ट ढिला आहे का तेही बघून घ्या. एवढं सगळं ठीक असून इंजिन बंद असतानाही, चाक फिरवूनही गिअर अडत असेल, तर मात्र खोलावंच लागेल.