जॉर्डन, 5000 डॉलरचा दंड आणि फॉरवर्डमधल्या थापा

भाच्याला त्याच्या बास्केटबॉलच्या सरांनी बेंचवर बसवलं. टीमचे बूट पांढरे, हा काळे-लाल घालून गेलेला. ताई ओरडली तर तिलाच फॉरवर्ड पाठवला, अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगमधला मायकेल जॉर्डन आणि नायकीने त्याच्या नावाने काढलेला बूट यांच्याबद्दल: 'एनबीएने एअर जॉर्डन 1 वर बंदी घातली. जॉर्डन तरीही दर मॅचला तेच बूट घालायचा आणि नायकी दर मॅचला 5000 डॉलर दंड भरायची. नियम पाळणारे इतिहास घडवत नाहीत!' ताई म्हणाली, तूच सांग त्याला. सांगतो.

आधी बंदी, कारण सगळा डोलारा तिच्यावर. पुरावा म्हणून जो कागद सगळे नाचवतात तो म्हणजे एनबीएच्या रस ग्रॅनिक यांनी नायकीच्या रॉब स्ट्रॅसरना 25 फेब्रुवारी 1985 ला लिहिलेलं पत्र. वाचलंय कुणी? 18 ऑक्टोबर 1984 च्या सुमारास जॉर्डनने घातलेले नायकीचे लाल-काळे बूट नियमात बसत नाहीत, एवढंच त्यात आहे. एअर जॉर्डनचं नाव नाही, दंडाचा आकडा नाही. आणि सीझन सुरू झाला 26 ऑक्टोबरला! म्हणजे ही भानगड सराव सामन्यांतली. तेव्हा त्याच्या पायात एअर शिप हे आधीचं मॉडेल होतं, असं बहुतेक जाणकार मानतात. एअर जॉर्डन 1 दुकानात आला एप्रिल 1985 मध्ये.

बरं, सीझनमध्ये काय घातलं? 1 नोव्हेंबर 1984 च्या, म्हणजे त्याच्या पाचव्याच मॅचमधला जोड 2021 साली सदबीजच्या लिलावात 14 लाख 72 हजार डॉलरला गेला. एअर शिपच, पण पांढरा-लाल. दर मॅचला बंड करणारा माणूस पांढरे बूट कशाला घालेल?

लीगची हरकत खरी होती, तेवढं मान्य. काळे-लाल एअर जॉर्डन घालून तो 1985 च्या डंक (उंच उडी मारून चेंडू थेट बास्केटमध्ये कोंबण्याच्या) स्पर्धेत उतरला, हेही खरं. (जिंकला डॉमिनिक विल्किन्स. ते कुणी फॉरवर्ड करत नाही.) नायकीने त्या हरकतीचीच जाहिरात केली: एनबीएने बूट बाहेर काढले, तुम्हाला मात्र ते अडवू शकत नाहीत. भाच्या, तू ज्याला बंड समजतोस ती ही जाहिरात आहे.

फॉरवर्डमधल्या बाकीच्या थापाही घे. 'डिझाइन जॉर्डनचं.' नाही, नायकीच्या पीटर मूरचं. जॉर्डनचा ओढा तर आदिदासकडे होता. 'बुटांवरचा उडी मारणाऱ्या जॉर्डनचा लोगो मॅचमधल्या डंकचा.' तोही नाही, ती फोटोसाठी मारलेली उडी.

'मग मागे वळून पाहिलंच नाही' म्हणे! इटलीत बनवलेला महागडा दुसरा बूट, एअर जॉर्डन 2, थंडच गेला. मूर आणि स्ट्रॅसर नायकी सोडून गेले, जॉर्डनही त्या वाटेवर होता. त्याला थांबवलं 1988 च्या तिसऱ्या बुटाने. तो बनवणारा टिंकर हॅटफिल्ड मूळचा आर्किटेक्ट. त्याने जॉर्डनलाच विचारून उंची कमी केली, मऊ चामडं वापरलं, टाचेतली हवेची पिशवी दिसेल अशी खिडकी ठेवली, पुढेमागे हत्तीच्या कातडीसारखी नक्षी दिली. त्या बुटावर कुणी बंदी घातली नव्हती, आणि तो अजून विकला जातोय.