आमच्याकडे विषाला औषध म्हणतात

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात ‘कीटकनाशक’ हा शब्द फक्त सरकारी बोर्डावर असतो. आम्ही ‘औषध’ म्हणतो. ‘बाबा औषध मारायला गेलेत’, ‘कृषी केंद्रातून औषध आणा’. मीही तेच म्हणत होते. 2017 च्या सप्टेंबरपासून माझ्या तोंडून तो शब्द निघत नाही.

त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, भलतीच वाढली होती. मोठेबाबा, म्हणजे माझे थोरले चुलते, उंचीने बेताचे. झाडं त्यांच्या डोक्याच्या वर गेलेली. नोझल वर धरून मारावं लागे, आणि मारलेलं सगळं पानांवरून त्यांच्याच तोंडावर, मानेवर, छातीवर उतरे. पाठीवरच्या पंपाचं झाकण गळकं, त्यामुळे शर्ट पाठीला चिकटलेला. दुपारी बांधावर बसून भाकर खाल्ली, पुन्हा दोन टाक्या मारल्या. चारच्या सुमाराला घरी आले ते भिंत धरत. “डोयापुढं धुकं आलं व,” एवढंच म्हणाले. मोठीआईला वाटलं ऊन लागलं. तिनं कांदा फोडून नाकाशी धरला. मी मोबाइलच्या उजेडात त्यांचे डोळे पाहिले. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. तोंडातून लाळ गळत होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “कोणतं मारलं?” आमच्यापैकी कुणालाच सांगता येईना. दोन डबे एकत्र कालवून मारलं होतं, एवढंच माहीत. मी गाडीवर परत गावी आले, गोठ्यामागच्या उकिरड्यात हात घालून रिकामे डबे शोधले आणि पिशवीत घालून नेले. डब्यासोबतचं माहितीपत्रक दहा घड्यांचं, अक्षरं मुंगीएवढी. मी पदवीधर, तरी मला त्यात विषावरच्या उताऱ्याची ओळ सापडायला वेळ लागला. मोठेबाबा चौथी शिकलेले.

ते वाचले. त्या हंगामात आमच्या जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं वाचली नाहीत. शेकडो दवाखान्यात भरती झाली. गेलेल्यांत स्वतःचं वावर नसलेले, रोजानं फवारणीला जाणारे मजूर बरेच होते. विशेष तपास पथक नेमलं गेलं. राज्य सरकारनं पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर बंदी घातली. त्यात मोनोक्रोटोफॉस, ॲसिफेट आणि डायफेन्थियुरॉन होतं. बंदी 60 दिवसांची. मला तेव्हा राज्य सरकारचाच राग आला होता. पुढं कळलं की 1968 च्या कीटकनाशक कायद्यात राज्याच्या हाती तेवढंच आहे. 60 दिवस, फार तर आणखी 30. कायमची बंदी फक्त केंद्रानं घालायची. म्हणजे माणसं मरतात यवतमाळला आणि निर्णय व्हायचा दिल्लीला, तोवर पुढचा हंगाम येतो.

हा कायदा आला कसा तेही सांगते. 1958 साली केरळात धान्यसाखरेच्या वाहतुकीत पॅराथिऑन हे कीटकनाशक सांडून अन्नात मिसळलं आणि शंभरावर माणसं गेली. चौकशी, समित्या वगैरे होऊन कायदा व्हायला दहा वर्षं लागली. पुढं केरळातच कासारगोडला काजूच्या बागांवर वीसेक वर्षं हेलिकॉप्टरनं एंडोसल्फान हे कीटकनाशक फवारलं गेलं. मुलं व्यंग घेऊन जन्मत होती, आणि कंपन्यांचं एकच म्हणणं, संबंध सिद्ध करून दाखवा. सर्वोच्च न्यायालयानं 13 मे 2011 ला देशभर बंदीचा आदेश दिला तेव्हा तिथली फवारणी थांबून दहा वर्षं उलटली होती.

माझं सगळं म्हणणं या ‘सिद्ध करून दाखवा’ वर आहे. सिद्ध कुणी करायचं? आमच्या मोठेबाबांनी? त्यांच्या रक्ताची तपासणी वेळेवर कोण करणार? 1996 मध्ये तमिळनाडूतल्या चामड्याच्या कारखान्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं की सावधगिरीचं तत्त्व हा आपल्या देशाच्या कायद्याचा भाग आहे. गंभीर धोका दिसत असेल तर शास्त्रीय खात्रीची वाट बघत बसायचं नाही, आणि आपला उद्योग निर्धोक आहे हे दाखवण्याचा भार उद्योग करणाऱ्यावर. निकाल लागून इतकी वर्षं झाली, पण आमच्या वावरात तो भार अजून पंप उचलणाऱ्याच्याच पाठीवर आहे.

मोनोक्रोटोफॉसचंच बघा. जागतिक आरोग्य संघटना त्याला ‘अति घातक’ गटात ठेवते. 2005 मध्ये आपल्याकडे भाजीपाल्यावर ते वापरायला बंदी आली, कापसावर चालू राहिलं. पण वावरात कोण पाहतंय? कापसाच्या शेजारीच वांगी-मिरची असते आणि पंप एकच. 2013 मध्ये बिहारमध्ये शाळेतल्या माध्यान्ह भोजनाच्या तेलात हेच निघालं आणि 23 लेकरं गेली. त्यानंतरही चार वर्षांनी ते आमच्या तालुक्याच्या दुकानात फळीवर होतं. 2020 च्या मेमध्ये केंद्रानं 27 कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा काढला. 2023 पर्यंत त्यातली मोजकीच गेली.

कुणी म्हणेल, शेतकऱ्यांनी मास्क लावावा, हातमोजे घालावेत. ऑक्टोबरच्या उन्हात, डोक्याएवढ्या पऱ्हाटीत, सोळा लिटरची टाकी पाठीवर घेऊन प्लॅस्टिकचा कोट घालून एक तास चालून दाखवा, मग बोलू. जे विष अशा कपड्यांशिवाय हाताळताच येत नाही आणि जे कपडे आमच्या हवेत अंगावर ठेवताच येत नाहीत, ते विष आमच्यासाठी नाही. माणसाला शिस्त लावण्याआधी ते फळीवरून काढलं पाहिजे.

हे होऊ शकतं. श्रीलंकेनं 1995 मध्ये मोनोक्रोटोफॉस आणि 1998 मध्ये एंडोसल्फान बंद केलं. तिथं बरेच जण कीटकनाशक पिऊनच जीव देत. पुढच्या दहा वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं, आणि भाताचं उत्पादन काही घसरलं नाही. 2021 मध्ये तिथं रासायनिक खतं एका फटक्यात बंद करून जो गोंधळ झाला, तो वेगळा, तो यात मिसळू नका. निवडक जहाल रसायनं टप्प्याटप्प्यानं काढणं आणि रातोरात सगळंच बंद करणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

बोंडअळी खोटी नाही, मला माहीत आहे. 2017 मध्येच गुलाबी बोंडअळीनं आमचा निम्मा कापूस नेला. पण अळीचे पतंग वासानं ओढून पकडणारे कामगंध सापळे वेळेवर लावणं, निंबोळी अर्क, डिसेंबरनंतर फरदड, म्हणजे वेचून झालेलं पीक पुन्हा बोंडांसाठी उभं, न ठेवणं, हे कृषी विद्यापीठं कधीपासून सांगताहेत. गावात सांगायला येतो मात्र कंपनीचा माणूस, कारण कृषी सहायकाकडं गावंच इतकी की त्याला बोंडं लागायच्या आत एक फेरी होत नाही. यंदा चुलतभावानं आणलेला डबा बदलायला मी त्याच्यासोबत गेले होते. दुकानदार भला माणूस, म्हणाला, “ताई, मग देऊ काय? दुसरं आहे ते याहून कडक.” त्याच्या फळीवर कमी विषारी, हिरव्या त्रिकोणाचं काही नव्हतंच.

मला हवं आहे ते एवढंच: हंगामाआधी राज्याला कायम बंदीचा अधिकार, प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात ॲट्रोपिन हा विषबाधेवरचा उतारा आणि रक्ताच्या तपासणीची सोय, आणि मजुराला विषबाधा झाली तर ती अपघात म्हणून नव्हे, कामावरची इजा म्हणून नोंदवणं. आमदारांना पत्र दिलंय. कुणाला सही करायची असेल तर इनबॉक्समध्ये नाव-गाव पाठवा.

आणि फवारणीला कुणी जाणार असेल तर निघण्याआधी डब्याच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढून घरच्यांच्या मोबाइलवर पाठवून ठेवा. दवाखान्यात पहिला प्रश्न तोच विचारतात. मोठेबाबांचा उजवा हात अजून चहाचा कप धरताना थरथरतो.