तिन्ही आजार एका ओळीत नाकारले, तरी अपील एका ओळीत करू नका

बाबा सैन्यातून निवृत्त होताना त्यांचं अपंगत्व तपासणाऱ्या रिलीज मेडिकल बोर्डाचा कागद मी पहिल्यांदा नीट वाचला आणि चक्रावलेच. गुडघा, कान, बीपी असे तीन आजार. एकत्रित अपंगत्व ४० टक्के. त्याच्याच खालच्या रकान्यात, पेन्शनसाठी धरायचं अपंगत्व: शून्य.

बोर्ड प्रत्येक आजाराचे टक्के वेगळे लावतं, आणि तो सेवेमुळे झाला की सेवेमुळे बळावला हेही वेगळं ठरवतं. बाबांचा कान मान्य होता, पण १५ टक्के. अपंगत्वाच्या पेन्शनला किमान २० लागतात. बीपी ३० टक्के, शेरा मात्र ‘पीस स्टेशनला (म्हणजे सीमेपासून दूर, शांत ठिकाणच्या नेमणुकीत) सुरू झालं, सेवेशी संबंध नाही’. गुडघ्याला तर कारणच दिलेलं नाही.

पहिलं अपील बाबांनी कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं. पानभर देशसेवा आणि शेवटी ‘सहानुभूतीने विचार व्हावा’. एकाही आजाराची तारीख नाही. ते फेटाळलं गेलं. मला फार वाईट वाटलं, कारण इथे सहानुभूती मागायचीच नव्हती. धरमवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच सांगितलंय: भरतीच्या तपासणीत आजाराची नोंद नसेल, तर जवान धडधाकट भरती झाला असंच धरायचं. नंतरचा आजार सेवेमुळे नाही हे सिद्ध करणं सरकारचं काम, आणि बोर्डाने कारणं द्यायलाच हवीत.

दुसऱ्या अपिलात आम्ही प्रत्येक आजाराला वेगळं पान दिलं. बीपीच्या पानावर फक्त पोस्टिंगच्या तारखा. हाय अल्टिट्यूडवरून बाबा खाली आले आणि चौथ्याच महिन्यात बीपी सापडलं. पीस स्टेशन होतं हे खरं, पण तिथे येऊन किती दिवस झाले होते हे कुणी बघितलंच नाही.

सगळा जोर बीपीवर का? ते एकटं मान्य झालं तरी बाबा २० च्या वर जातात, आणि मान्य अपंगत्व ५० पेक्षा कमी असेल तर ५० धरतात. मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही हे लागू आहे, सर्वोच्च न्यायालयाचा राम अवतार निकाल, २०१४. म्हणजे शून्यावरून थेट ५०. (सप्टेंबर २०२३ नंतर निवृत्त झालेल्यांनी मात्र नवे नियम बघावेत.)

उत्तर अजून यायचंय. नकार आला तर मुंबईच्या सशस्त्र दल न्यायाधिकरणात जाणार. तुमच्या घरच्या कागदावरही ‘शून्य’ असेल तर त्याच्या वरचे रकाने एकेक करून वाचा. अडलं तर मेसेज करा, सोबत बसून वाचू.